डाव्या कानावरची फट

मित्रांनो, मी एक जुनी खाकी कानटोपी आहे. माझ्या डाव्या कानावर करंगळी जाईल एवढे एक भोक आहे. मुले मला हातात घेतात तेव्हा प्रथम त्या भोकात बोट घालतात आणि हसतात. त्यांच्यावर माझा राग नाही. लोकरीला राग धरता येत नाही. ती फक्त ऊब धरते, वास धरते आणि डाग धरते. पण ते भोक कसे पडले याविषयी एक माणूस फार दिवस खोटे बोलला. ते पडायला ज्या गोष्टी कारण झाल्या त्यांत मीही एक होते. म्हणून आज माझी हकिकत तुम्हांला सांगते.

बेचाळीस सालच्या थंडीत नगरला, कापडबाजारामागच्या एका माडीवर माझा जन्म झाला. विष्णुपंत नावाच्या शिक्षकांची मुलगी अंबिका हिने मला विणले. सैनिकांसाठी विणणाऱ्या बायकांच्या मंडळाने तिला खाकी लोकरीचे गुंडे दिले होते. नमुना मात्र तिच्याजवळचा होता. तिच्या विणकामाच्या बाईंनी शेवटच्या आजारात तिला एक वही दिली होती, पंचवीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या महायुद्धातली. जांभळ्या शाईत ओळीमागून ओळ सुलट-उलट टाके लिहिलेले, आणि समासात कुणाच्या तरी तेलकट बोटाचा ठसा. अंबिकेला त्या वहीचे वेड होते. जुना नमुना विणायला घेतला की हात आपले राहत नाहीत, आपण कधी न पाहिलेल्या बायका आपल्या बोटांत येऊन बसतात, असे ती वडिलांना सांगे. विष्णुपंत चष्मा पुसत म्हणत, मग त्या बायकांना थोडा स्वयंपाकही करायला सांग.

अडतिसाव्या ओळीपाशी वहीत लिहिले होते, ‘दोन्ही कानांवर पाच टाके बंद करून पुढल्या ओळीत पुन्हा घालावेत. येथे फट राहील.’ फट कशासाठी, ते लिहिले नव्हते. अंबिका थबकली. बर्फात जाणाऱ्या माणसाच्या कानावर फट कशाला? जुन्या बायकांना लोकर पुरली नसेल, असे तिला वाटले. तिने ते टाके बंद केले नाहीत. उलट कानांवर तिने दुहेरी धागा घेतला. त्या दुहेरी धाग्यात जेवढी माया होती, तेवढी मला पुन्हा कधी लाभली नाही. माझ्या गळ्याच्या दुमडीत तिने एक चिठ्ठी शिवली, ‘अंबिका विष्णुपंत, कापडबाजारामागे, नगर. सुखरूप या.’

मी गेले भीमाच्या डोक्यावर. भीमा राहुरीजवळच्या मुळा नदीकाठच्या एका वस्तीतला शेतकरी. घरी बायको चांगुणा, म्हातारी आई गोजरबाई आणि पाळण्यातली बनू. इटली नावाच्या देशातल्या डोंगरात, गुडघाभर चिखलात त्याने मला पहिल्यांदा डोक्यावर ओढले.

“हिच्यात कान घातले की लढाईबी ऐकू येत न्हाई,” तो म्हणाला.

“मंग सुभेदाराची शिवीबी ऐकू यायची न्हाई. सुखी हायेस लेका,” शेजारचा पुंजाराम म्हणाला. पुंजाराम सुप्याचा. दोघे एका ताटलीत जेवत आणि एका कांबळ्यात निजत.

मी ऊब देण्यासाठी जन्मले होते. तेथे मी मरण पाहिले. नदी ओलांडताना तोफगोळे पडले, तेव्हा पुढे चालणाऱ्या माणसाचा हात उडून भीमाच्या छातीवर आपटला. त्या हाताच्या मुठीत अजून काडेपेटी होती. एका दगडी घरात जिन्याखालून एक शत्रू उठला. मिसरूडही न फुटलेला पोरगा होता तो. भीमाची संगीन त्याच्या पोटात गेली आणि निघेना. भीमाने पाय देऊन ती ओढून काढली. पोरगा भिंतीला टेकून कितीतरी वेळ आपल्या भाषेत एकच शब्द म्हणत राहिला. भीमाला तो समजला नाही, पण कुणाला मारलेली हाक आहे एवढे कळले. त्याने रक्ताळलेला हात माझ्यावर पुसला. तो माझा पहिला डाग. त्या दिवसापासून भीमा मला कानांवर अधिकच घट्ट ओढू लागला. जगाचा आवाज त्याला नको होता, आणि मी तो येऊ देत नव्हते. मित्रांनो, मला त्याचा अभिमान वाटे.

मग एक पहाट आली. भीमा टेहळणीला गेला होता. धुके दाट होते आणि वारा करवतीसारखा वाहत होता. तो एकटाच परतला, वाट चुकून, भलत्या बाजूने. पहाऱ्यावर पुंजाराम होता. आदल्याच दिवशी अशाच धुक्यातून आलेल्या शत्रूने पहाऱ्यावरच्या दोघांचे गळे चिरले होते. पुंजारामने परवलीचा शब्द मागितला. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या दुहेरी धाग्यावर ते शब्द आपटले आणि विझून गेले. भीमा चालतच राहिला. मग गोळी आली. माझे चौदा टाके तोडून ती आत शिरली आणि बाहेर आली नाही. भीमा पालथा पडला. पुंजाराम धावत आला, त्याने त्याला उताणे केले आणि चेहरा पाहिला. त्यानंतर तो जे ओरडला, ते मात्र माझ्या दुहेरी धाग्यालाही अडवता आले नाही.

साहेबाने दोष धुक्याला दिला. कागदावर ‘लढाईत कामी आला’ एवढेच लिहिले गेले. पुंजारामने मला भीमाच्या डोक्यावरून काढून घेतले आणि कुणाला न दाखवता कोटाच्या आत ठेवले. पुढे त्याचे हात कापू लागले, म्हणून त्याला इस्पितळात पाठवले. हात स्थिर व्हावेत यासाठी तिथल्या परिचारिकेने त्याला सुया आणि लोकर दिली. तो विणायला शिकला. पण त्याच्या हातून पहिले काम झाले ते माझ्यावर. रक्त फिके होईतो मला धुऊन त्याने माझ्या भोकाच्या कडेने काळ्या दोऱ्याने, सदऱ्याच्या बटणाला करतात तसे, सुबक काज केले. तुटलेल्या धाग्यांची टोके त्या काजात दडून गेली. आता ते भोक मुद्दाम ठेवल्यासारखे दिसू लागले.

शेहेचाळीस साली तो मला घेऊन चांगुणेच्या दारात उभा राहिला. दूर गोळा फुटला, त्या दणक्याने भीमाचा श्वास गेला, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, असे त्याने सांगितले. चांगुणेने मला तोंडाशी धरले. रडून झाल्यावर तिने एवढेच विचारले, की त्याला दुखले तर नाही ना. पुंजारामने नाही म्हणून मान हलवली.

तो पुन्हा आला, मग येतच राहिला. कधी मोट दुरुस्त करी, कधी बांध घाली. ओसरीवर बसून सायकलच्या दोन तारांच्या सुयांवर तो चांगुणेला विणायला शिकवू लागला. लोकर होती त्याच्या फौजेतल्या मोज्यांची, उसवलेली. बनूसाठी माझ्यासारखी टोपी करायची म्हणून चांगुणेने मला समोर ठेवले आणि टाका टाका मोजत ती विणू लागली. डाव्या कानाशी आल्यावर तिने विचारले, हे भोक कशापायी? पुंजारामच्या सुया थांबल्या.

“ऐकू यावं म्हनून,” तो म्हणाला. “कुनी हाक मारली तर.”

मग पाच टाके बंद करून पुढल्या ओळीत कसे घालायचे, ते त्याने तिला दाखवले. बनूच्या टोपीला डाव्या कानावर फट आली. ती टोपी वस्तीवर सगळ्यांना आवडली. शेजारच्या लंकाबाईने आपल्या नातवासाठी मागितली, मग आणखी कुणी. पुढल्या थंडीत वस्तीवरची सात मुले डाव्या कानावर फट असलेल्या टोप्या घालून हिंडत होती. एका माणसाच्या मरणाची खूण नमुना होऊन सात डोक्यांवर बसली होती आणि ते फक्त पुंजारामला आणि मला ठाऊक होते.

गोजरबाईनेच पाटाची गोष्ट काढली. त्यांच्या समाजात विधवेचा दुसरा संसार पाट लावून होतो. माणूस कष्टाळू आहे, पोरीला जीव लावतो, माझे डोळे मिटण्याआधी होऊन जाऊ दे, असे ती म्हणाली. चांगुणेने नाही म्हटले नाही. पाटाचे लुगडे घ्यायला ती नगरला गेली, आणि माझ्या दुमडीतली चिठ्ठी वाचून घेऊन, मुगाची पुरचुंडी हाती धरून अंबिकेच्या माडीवर पोचली. ज्या हातांनी आपल्या माणसाला ऊब दिली, ते हात तिला पाहायचे होते.

अंबिकेने मला ओळखले. तिने मला कुरवाळले आणि भोकापाशी तिचे बोट थांबले.

“हे मी ठेवलं नव्हतं,” ती म्हणाली.

“आसं कसं, ताई? हाक ऐकाया यावी म्हनून ठेवत्यात. पुंजाराम म्हनतो.”

अंबिकेने वही काढली आणि अडतिसाव्या ओळीवर बोट ठेवले. ती फट कशासाठी होती, ते तिला त्या क्षणी कळले. विणलेल्या फटीत धागा तुटत नाही, तो वळसा घेऊन पुढे जातो. तिने सुईने काळे काज थोडे उचकटले. आत चौदा तुटलेल्या टाक्यांची टोके होती, करपलेली.

“चांगुणाबाई, इथं फट हवी होती. वहीत लिहिलेलं मी गाळलं. आणि हे भोक विणलेलं नाही, गोळीचं आहे.”

लुगडे न घेताच चांगुणा परतली. पुंजाराम शेतात बाजरी कापत होता. तिने मला त्याच्यासमोर धरले.

“कुनाची गोळी?”

त्याने मला पाहिले. उसवलेले काज पाहिले.

“माझी,” तो म्हणाला. “तीनदा हाक दिली. त्याला ऐकू आली न्हाई.”

चांगुणेने त्याच्या हातातला विळा हिसकला आणि मारला. त्याच्या उजव्या कानाची पाळी तुटून लोंबली, मानेपर्यंत मांस उघडे पडले, रक्ताची चिळकांडी कापलेल्या बाजरीवर उडाली. त्याने हात वर केला नाही. तो गुडघ्यांवर बसला. तिने विळा पुन्हा उगारला, तेव्हा त्याने मान वळवून डावी बाजू तिच्यापुढे केली, जिथे भीमाला लागले होते तिथेच. ते पाहून तिचा हात हवेतच राहिला. मग ती खाली बसली आणि मला त्याच्या जखमेवर दाबून धरले. मी दोन माणसांचे रक्त एकाच जागी प्याले.

गोजरबाई धावत आली. विळा निसटला, असे पुंजाराम म्हणाला.

“न्हाई. मी मारला,” चांगुणा म्हणाली. “आता खोटं काय ठेवायचं न्हाई ह्या घरात.” आणि तिने सासूला सारे सांगितले. म्हातारी ऐकत राहिली. तिने विळा उचलला, काठीचा आधार घेत विहिरीपर्यंत गेली आणि तो पाण्यात टाकला. पुंजाराम डोक्याला फडके बांधून सुप्याच्या वाटेला लागला. पाट लागला नाही.

मला मुळेच्या पाण्यात धुतले, पण डाग गेला नाही. चांगुणेने उरलेले काज उसवून टाकले. आता भोक जसे आहे तसे दिसते. वस्तीवरच्या टोप्या तिने एकेक करून परत मागितल्या. ती फटी बुजवणार असे सगळ्यांना वाटले. पण तिने उजवा कानही उसवला आणि तिथेही अंबिकेच्या वहीप्रमाणे पाच टाक्यांची फट ठेवली. अंबिकेने त्या अडतिसाव्या ओळीखाली आपल्या शाईत लिहिले, ‘ही फट बुजवू नये. मागून कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून आहे.’

आता एकोणपन्नास साल आहे. मी चांगुणेच्या पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात असते. कसर मला हळूहळू खाते आहे. माझी एकच विनवणी आहे, मित्रांनो. जुन्या नमुन्यात एखादी जागा रिकामी दिसली, तर ती भरण्याआधी थांबा. ती राखायला कुणाला तरी काही मोजावे लागले असेल. आणि कपड्याला भोक पडले तर ते खुशाल रफू करा, नाहीतर उघडे राहू द्या, पण त्याला काज करून ते शोभेचे म्हणून कुणाला दाखवू नका.

सकाळी पेटीचे झाकण उघडे असले की मला अंगण दिसते. बनू टोपी घालून शाळेच्या वाटेने बांधावरून धावत सुटते, वारा असतो, धुके असते. चांगुणा दारातून तिला एकदाच हाक मारते. बनू पहिल्याच हाकेला मागे वळते.