पान एकशे बारा

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत ल्युसिलेनेनं परीक्षकांसाठी मांडलेल्या केकला त्यांच्यातल्या ओतिलियाबाईंनी चार तासांत हात लावला नव्हता. ब्राझीलमधल्या साऊं लुईसच्या त्या लोकसाहित्य विभागात याचा अर्थ कळायला पीएचडी लागत नसे.

"पान एकशे बारा," त्या म्हणाल्या. "'कठीण फळा, उघड रे दार, तुला एक, मला दोन मार.' बाबासू ताडाची फळं फोडणाऱ्या बायकांचं हे कडवं शंभर वर्षांचं, म्हणता. कशावरून?"

"चार गावांतल्या म्हाताऱ्या गातात, मॅडम."

"म्हाताऱ्या गातात म्हणून गाणंही म्हातारं?"

मागं कुणीतरी हसलं. मग निकाल ठरवायचा म्हणून रीतीप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लागलं.

बाहेर तिची आई, देउझुइता, जवळ सरकली. नऊ तासांचा प्रवास करून आली होती.

"आत प्रेक्षकांनी बोलायचं नसतं म्हणे, म्हणून गप्प बसले. पोरी, ते कडवं तुझंच गं."

"माझं?"

"सात वर्षांची होतीस. उताण्या ठेवलेल्या कुऱ्हाडीच्या पात्यावर फळ धरताना बोट कापलंस, आणि रडत रडत रचलंस. मी उचललं, मग मावशीनं, मग पार नदीपल्याड गेलं."

अख्खं तिसरं प्रकरण त्या कडव्यावर उभं होतं.

"आई, कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलते?" आईनं मान वळवली. "पण खाली मान घालून जगायचं तुला आहे."

दार उघडलं. सगळे आत जाऊन उभे राहिले. मार्गदर्शक एवेराल्दो सरांनी निकालाचा कागद उचलला.

"सर, थांबा." आवाज आपलाच आहे, हे तिला उशिरा कळलं. तिनं सगळं सांगितलं.

"वेड लागलंय का तुला?" सर पुटपुटले.

ओतिलियाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. पुन्हा सगळे बाहेर, पुन्हा दार बंद. या खेपेला ल्युसिलेने भिंतीला टेकून खालीच बसली. आईनं तिचं गार पडलेलं मनगट धरलं.

"तिसरं प्रकरण नव्यानं," आत बोलावून ओतिलियाबाईंनी वाचलं. "नव्वद दिवस. मंडळाला पटलं तर पदवी."

"आणि नाही पटलं तर?" ल्युसिलेनेनं विचारलं.

"तर नाही."

त्यांनी पेन पुढं केलं. ल्युसिलेनेनं सही केली. मग प्रबंध पान एकशे बारावर उघडला.