सायबीण नऊ दिवस राहिली

माझा नवरा कैतान दोन वर्षं देवाशी बोलत नव्हता. माझ्याशी बोलायचा, मांजराशी बोलायचा, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशी तर रोज भांडायचा. पण देवाचं नाव निघालं की उठून मागच्या पडवीत जाऊन बसायचा.

त्याला कारण होतं, ते मी नाकारत नाही. बोटीवर जाळं ओढताना विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरात त्याचा डावा हात अडकला आणि तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं उरलं. मासेमारी सुटली, ते एक दुःख. पण कैतान व्हायोलिन वाजवायचा. मालवणापासून तारकर्लीपर्यंत वाटेवरच्या कुठल्याही खुरसाकडे, क्रुसाकडे, लदीन असली, म्हणजे मेरीमातेची गाऊन म्हणायची प्रार्थना असली, की कैतानला बोलावणं यायचंच. बोटीवर तो पोटासाठी जायचा. व्हायोलिन वाजवताना मात्र हा माणूस कशासाठी जन्माला आलाय ते आंधळ्यालाही दिसलं असतं. हॉस्पिटलातून घरी आला त्याच दिवशी त्याने व्हायोलिन माळ्यावर टाकलं आणि मला म्हणाला, "त्या दिवशी पहाटेक रोझरी म्हणानच गेल्लंय मी. आता तेका माझ्याकडसून आणखी काय ऐकाचा आसा?"

मी फादरांना घरी बोलावलं. याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. भला माणूस, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं आणि चहा पिऊन गेले.

मी तारकर्लीला पर्यटकांचा स्वयंपाक करून घर चालवत होते, आणि घर चालत होतं. घरातला माणूस मात्र ठप्प झाला होता. आठ-आठ दिवस दाढी नाही, कोणाकडे जाणं नाही. हा असाच बसल्या जागी संपून जाईल, अशी मला धास्ती होती. मी त्याच्या वाटणीचीही प्रार्थना करायचे, पण दुसऱ्याच्या वाटणीचं जेवून दुसऱ्याचं पोट भरत नाही, एवढं स्वयंपाकिणीला कळतं.

ऑक्टोबरात आमच्या वाडीत सायबीण फिरते. सायबीण म्हणजे मेरीमातेची मूर्ती. एकेका घरी एकेक दिवस राहते. संध्याकाळी सगळी वाडी त्या घरी जमते, रोझरी, म्हणजे माळेवरचा जप, होते, गाणी होतात, उकडलेले चणे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी मिरवत पुढच्या घरी. एकही घर वगळायचं नाही, असा नियम. एकदा एक घर चुकून राहिलं, तर त्या लोकांनी वर्षभर वाडीतल्या एकाही लग्नात पाऊल टाकलं नाही.

आमच्याकडे सायबीण आली आणि कैतान पडवीत गेला. ते मी धरूनच चालले होते. प्रार्थना झाली, गाणी झाली, माणसं गेली. मी भांडी घासायला मागे आले, तर हा अंधाराकडे बघत म्हणाला, "एर्मेलिन मावशी सुरापासून दीड मैल लांब गाता."

दोन वर्षांत त्याने प्रार्थनेविषयी काढलेला हा पहिला शब्द, आणि तोही टोमणा. पण मला तेवढा पुरला. सायबीण अजून थोडे दिवस राहिली तर, असं माझ्या मनात आलं.

आमच्या पुढचं घर त्याच्या चुलतभावाचं, बेनेदितचं. ते लोक बोरिवलीला असतात आणि घराची चावी आमच्याकडे असते. बेनेदितने फोन करून सांगितलंच होतं की घर उघडा, दिवा लावा, प्रार्थना करा आणि दुसऱ्या दिवशी पुढे न्या. साधी गोष्ट. मी ती चावी उचलली आणि तांदळाच्या पिंपात खोल खुपसली. संध्याकाळी लोक जमले तेव्हा तोंड पाडून सांगितलं की चावी सापडत नाही. हे खोटं मी पुढे फादरांकडे कबूल केलं. त्यांनी शिक्षा म्हणून एक रोझरी सांगितली. मी चांगल्या दोन म्हटल्या, कारण पुन्हा वेळ आली असती तर मी पुन्हा तेच केलं असतं.

घर वगळायचं नाही, कुलूप फोडायचं नाही, म्हणून सायबीण आमच्याकडेच राहिली. रोज संध्याकाळी वाडी आमच्या घरी. गाणाऱ्यांत मुख्य म्हणजे सत्तरीच्या एर्मेलिन मावशी आणि पाववाला सांतान. शिवाय शेजारच्या नर्मदावहिनी. त्या हिंदू, पण सायबीण शेजारी आली म्हणजे आपलीच पाहुणी, असा त्यांचा हिशेब. रोज अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणायच्या आणि गाण्यात सगळ्यांपेक्षा मोठा आवाज त्यांचाच. शब्द येत नसल्यामुळे त्यांना काही अडत नसे.

चौथ्या दिवशी गाणं ऐन भरात असताना मागचं दार धाडकन आपटलं. बनियन आणि लुंगीवर कैतान खोलीच्या दारात उभा.

"गप रवा सगळी," तो म्हणाला.

"सांतान, तू गाणा म्हणतंस काय पाव विकतंस? आणि मावशे, सुरवातीकच इतक्या वर चढलंस, तर शेवटाक खंय जातलंस? माडार?"

मावशी म्हणाल्या, "मगे तू दाखय, खंयसून सुरू करूचा ता."

तो तोंड उघडणार, इतक्यात त्याचं लक्ष मूर्तीकडे गेलं आणि मग स्वतःच्या बनियनकडे. आत गेला, शर्ट घालून, बटणं लावून आला आणि गाऊन दाखवलं. त्याचा गाता आवाज मी दोन वर्षांनी ऐकत होते. मी चण्यांचं निमित्त करून स्वयंपाकघरात पळाले.

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता तालीम सुरू झाली. मी कोणाला सांगितलं नव्हतं, त्यानेच सगळ्यांना निरोप धाडले. एकेकाला वेगळं बसवायचा, एकेक ओळ दहा-दहा वेळा घोटून घ्यायचा. नर्मदावहिनींना म्हणाला, "वहिनी, तुम्ही शब्दांचा नाव सोडा. नुसतो आ धरा." वहिनींनी असा आ धरला की त्याने डोळे मिटून मान हलवली. त्यांच्या आवाजात दम आहे, हे एवढ्या वर्षांत कोणाला कळलंच नव्हतं. पुढच्या दिवशी कैतानने दाढी केली.

पण रोझरी सुरू झाली की तो खिडकीबाहेर बघत उभा राही. ओठ बंद. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मी गाण्यापुरतो. तेच्याशी माझा काय्येक बोलणा नाय."

सातव्या दिवशी मी चण्यांना फोडणी देत होते. बाहेर आवाज आला, एकच लांब सूर. मग दुसरा. मी झारा हातात घेऊनच दारात आले. माळ्याला शिडी लावलेली होती. व्हायोलिनची मान अंगठ्यात आणि उरलेल्या बोटात धरून कैतान दुसऱ्या हाताने गज ओढत होता. मोकळ्या तारा वाजवायला बोटं लागत नाहीत. त्या चार तारांवर गाणं वाजत नाही, पण गाणाऱ्याला सूर देता येतो. त्याने सूर दिला आणि सगळे त्या सुरावर उभे राहिले. मी रडले, आणि चणे करपले. लोकांनी ते आनंदाने खाल्ले नाहीत, पण आठवडाभर चणे खाऊन वाडी तशीही कंटाळली होती.

नवव्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले होते. कैतानने टेबलावर चावी ठेवली. पिंपातली. तिला तांदळाचा कोंडा लागला होता.

मी पार गोंधळले. "ही तुका खंय गावली?"

"मी कामावर जायनासो झाल्यापासून दुपारचो भात कोण घालता ह्या घरात?"

मी कपाळावर हात मारला. दोन वर्षं रोज तोच घालत होता. "कधी गावली?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

त्याने चावीवरचा कोंडा पुसला. मग हळूच म्हणाला, "ती गेली असती गो."

मी स्कूटरची किल्ली खाली ठेवली आणि त्या दिवशी कामावर गेलेच नाही.

"आज जावंदे तिका," कैतान म्हणाला. "बाकीचे घरवाले वाट बघतत."

संध्याकाळी सायबीण निघाली. मेणबत्त्या, अबोली, सगळी वाडी मागे. मूर्ती कैतानने उचलली होती, डाव्या पंजाचा आधार देऊन. दोन वर्षं तो हात खिशात असायचा. गाणंही त्यानेच उचललं, आणि खरं सांगते, आम्ही इतके चांगले कधीच गायलो नव्हतो.

बेनेदितच्या उंबऱ्यावर आम्ही थांबलो. इथे एक रीत आहे. ज्याच्या घरून सायबीण निघते त्या घरच्या कर्त्याने निरोपाची प्रार्थना म्हणायची, आपल्या शब्दांत. ही रीत त्या गडबडीत माझ्या ध्यानातच नव्हती. सगळे कैतानकडे बघू लागले. मी पुढे होऊन म्हणणार होते, पण तो बोलला.

"सायबिणी, तुझ्या पुताक सांग. माझी बोटां गेली, तेचो माका राग आसा. आजून आसा. तेणा असा कित्याक होवंदिला, ता तेका माका सांगूचाच लागतला, आज नाय तर मी वर थयसर इल्यावर. पण तू नऊ दिवस घरात होतंस, माका बरा वाटला. रविवारी मी चर्चात मिस्साक येतंय. राग घराकडे ठेवन येवक जमाचा नाय, तो घेवनच येतलंय. आणि ह्या लोकांका गावक शिकवूचा काम तुम्ही दोघांनी माझ्या गळ्यात घातल्यात, तर माका भरपूर आयुष्य दिया. हेंका शिकूक लय वर्षां लागतली."

कोणी हसलं नाही. मावशींनी सांतानकडे पाहिलं, सांतानने माझ्याकडे. असल्या प्रार्थनेला काय म्हणायचं, ते आम्हा जन्माच्या ख्रिस्ती माणसांपैकी एकालाही सुचेना.

नर्मदावहिनींना नऊ दिवसांत आमचा एकच शब्द नीट पाठ झाला होता. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमेन."

मग आम्ही सगळ्यांनीच म्हटलं.