फाटकापाशी हळू बोला

“हेच का हो ते फाटक? मालिकेतली थोरली सून टेकून रडते ते?” चौकड्याच्या शर्टातल्या पाहुण्याने विचारले आणि उत्तराची वाट न बघता फाटकावर दोन थापा मारल्या.

मळा दाखवणाऱ्या काकांचे वाक्य तोंडातच राहिले. आवाज पोकळ आला होता.

एरवी त्या फाटकावर थाप मारली की हात झिणझिणतो, आवाज येत नाही. चार बोटे जाड फळ्या, शंभर वर्षांपूर्वीच्या. काकांचे अर्धे आयुष्य ते उघडण्यात आणि लावण्यात गेले होते. मालिकेवाल्यांनी फाटक मोडण्याच्या प्रसंगासाठी त्याच्या दोन हुबेहूब नकला करून आणल्या होत्या. पातळ फळी, आत हवा, वर रंग, अगदी शिंगांचे ओरखडेसुद्धा. काल त्यातली एक ट्रॅक्टरला दोर बांधून मोडली. दुसरी जादा उरली होती. अंधार पडता पडता सामानवाल्यांनी घाईघाईने आवराआवर केली आणि फाटक पुन्हा बसवून दिले. कडी काकांनीच घातली. कधी नव्हे ते फाटक हलके फिरले, तेव्हा बिचाऱ्यांनी तेल घातले असेल म्हणून त्यांनी मनातल्या मनात त्यांना दुवाही दिला होता.

खरे फाटक नक्कल समजून त्यांच्या गाडीतून गेले होते. आणि या नकलेच्या पलीकडे, आवाराच्या टोकाला सावलीत, बाळ्या बसला होता.

बाळ्या म्हणजे मळ्यावरचा वळू. त्याची आई गेल्यावर काकांनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला, म्हणून नाव बाळ्या. आता तो बैलगाडीएवढा झाला होता, पण नाव चिकटले ते चिकटलेच. तो लहान असताना काका फाटकाच्या फटीतून त्याची मान खाजवायचे. तेव्हापासून त्याला सवय होती. काकांचा आवाज आला की उठायचे, फाटकाशी यायचे आणि सगळे वजन टाकून मान घासायची. खऱ्या फाटकाला त्याचे काही नव्हते.

काका गेला पाऊण तास बोलतच होते. मळा जुना, पण चालता होता. पहाटे इथले दूध गावात जायचे आणि दहा वाजल्यापासून पाहुणे यायचे. पाणचक्की, दगडी गोठे, थोरल्या सुनेचे स्वयंपाकघर असे दाखवत दाखवत काका त्यांना इथवर घेऊन आले होते. तेवढ्या बोलण्यावर बाळ्याचा एक कान उभा राहिला होता.

“काका, बोला ना! वळू उठवा की जरा,” एक बाई म्हणाली. ती फाटकाला टेकून, डोळ्यांना पदर लावून फोटो काढून घेत होती. तिच्यामागे रांग लागली होती.

काकांनी ओठांवर बोट ठेवले.

ओरडून सांगावे तर पळापळ होणार, आणि पळणारी माणसे पाहून कोणते जनावर शांत राहते? त्यातही ओरडणारा आवाज काकांचाच असणार. शिवाय दुसरी भीती होती. मागे बाळ्याने एका कॅमेरावाल्याला नुसते ढुशीने बाजूला केले, तेव्हा मालकांच्या मुलीने, ताईने, त्यांना कचेरीत बोलावून सांगितले होते, “काका, विमावाले माझ्या मागे लागलेत. अजून एकदा काही झालं तर बाळ्या इथे राहणार नाही. मला सांगू नका मग.” ताई काकांच्या खांद्यावर बसून लहानाची मोठी झाली होती. ती उगाच बोलणारी नव्हती.

बाळ्या उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे. अंग झटकले.

काका चौकड्याच्या शर्टाजवळ गेले आणि त्याच्या कानाला लागून कुजबुजले, “थोरली सून पाणचक्कीवर आलीय. गुपचूप. कोणाला सांगू नका बरं का.”

“खरंच?”

“तुम्हाला म्हणून सांगितलं.”

गुपित फुटायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. शर्टवाल्याने बायकोला सांगितले, बायकोने बहिणीला, आणि पदराने डोळे पुसणारी बाई तर फोटो अर्धा टाकून सर्वांच्या पुढे धावली. बघता बघता अंगण रिकामे झाले. काकांनी श्वास सोडला. गोठ्याच्या दाराचा लाकडी अडसर आणायचा, फाटकाला आडवा घालायचा, काम संपले.

वळून पाहतात तो फाटकाला लागून असलेल्या दगडी ओट्यावर एक आजी काठी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

काका हातानेच म्हणाले, उठा, चला.

“मी नाही यायची,” आजी ठणठणीत आवाजात म्हणाल्या. “मी ती मालिका बघत नाही. सूनबाई बघते. ती येईल मला न्यायला. तुम्ही हात काय करताय? मुके आहात का? आत्तापर्यंत तर चांगले बोलत होता.”

काका त्यांच्याकडे निघाले, आणि तेवढ्यात बाळ्या फाटकाशी पोहोचला. त्याने मान टेकवली. फळी कडकडली. एरवी तिथे त्याला धरून ठेवणारे काहीतरी असायचे. आज ते नव्हते. सगळे फाटक त्याच्या अंगासकट बाहेर आले आणि एक चौकट त्याच्या मानेत अडकली.

बाळ्या बिथरला. डोके झटकतो तरी गळ्यातले ते सुटेना. त्याने फुत्कार टाकला, खुराने जमीन उकरली, आणि समोर होत्या फक्त आजी. त्यांच्या मांडीवरची काठी खाली पडली, ती खाडकन वाजली. बाळ्याने डोके खाली घातले.

“या, या मंडळी!” काका मोठ्याने म्हणाले. दुसरे काही सुचलेच नाही. “हा आमचा जुना गोठा. इकडून या. सावकाश. पायरी सांभाळा.”

बाळ्याचा कान वळला. मग डोके वळले.

“ह्या भिंती दगडाच्या. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. या ना, असे मागे का राहिलात? या.” काका उलट्या पावलांनी गोठ्यात शिरत होते. आवाज त्यांनी हलू दिला नाही. फाटकाची चौकट गळ्यात घेऊन बाळ्या एकेक पाऊल टाकत त्यांच्यामागे आला. गव्हाणीशी थांबला. काकांनी कासरा अडकवला, चौकट काढली आणि त्याच्या मानेवर हात ठेवला.

बाहेर आजी म्हणत होत्या, “अहो, मला काही झालं नाही हं! काठी तेवढी द्या.”

पण पाणचक्कीवर कोणी थोरली सून नव्हती. चिडलेले पाहुणे ताईला घेऊनच परत आले होते. मोडलेले फाटक सगळ्यांनी पाहिले. दोघातिघांनी तर लगेच त्याचे चित्रणही करून ठेवले.

“त्यानं मला हातसुद्धा लावला नाही. मी लिहून देते,” आजी ताईला म्हणाल्या. त्यांची सून, मघाची ती पदरवाली, त्यांना धरून रडत होती, आणि या वेळी खरे रडत होती.

ताई गोठ्यात आली.

“काका, मी काय करू?”

“फाटक त्यांचं होतं, ताई.”

“मला कळतंय. पण बाहेर आला तो आपला.”

काकांनी मान हलवली. भांडायचे त्यांच्या मनात फार होते. पण ओट्यावरची ती काठी डोळ्यांपुढून जात नव्हती.

चार दिवसांनी लांबच्या पशुपैदास केंद्राची गाडी आली. बाळ्या फळीवर चढेना. माणसांनी ओढला, ढकलला, चुचकारला. ताई कचेरीच्या खिडकीतून बघत होती, तिने खिडकी लावून घेतली. शेवटी काका स्वतः गाडीत चढले आणि आतून म्हणाले, “या मंडळी. सावकाश. पायरी सांभाळा.”

बाळ्या लगेच वर गेला.

काकांनी त्याची मान खाजवली, बराच वेळ. मग ते बाजूच्या लहान दारातून खाली उतरले आणि आपला आवाज त्याला पुन्हा ऐकू जाणार नाही याची काळजी घेत, तोंड मिटून उभे राहिले. आतून मान घासल्याचा आवाज येत होता. गाडी फाट्यावर वळली तरी ते बोलले नाहीत.

खरे फाटक पुढच्या आठवड्यात परत आले. पाहुणे अजून येतात, टेकून फोटो काढतात. काका त्यांना पाणचक्की दाखवतात, स्वयंपाकघर दाखवतात, थोरल्या सुनेच्या गमती सांगून हसवतात. पण फाटकाशी आले की त्यांचा आवाज खाली येतो, इतका की मागच्या रांगेला ऐकूच जात नाही.

“काका, जरा मोठ्यानं!” कोणीतरी म्हणते.

काका रिकाम्या आवाराकडे एकदा बघतात आणि ओठांवर बोट ठेवतात.