आयडेलाचा होकार आणि तेलात मुरलेले कपॅसिटर

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट कानांची आहे, आणि शहाण्यासुरत्या माणसाचे कान किती भोळे असतात त्याची. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या इझेल पेटवेची, चर्चच्या डीकनची म्हणजे सेवेकऱ्याची, गोष्ट. तो स्वतः ती सांगतो तेव्हा आधी हसतो, मग चष्मा पुसतो. तुम्ही मध्येच हसलात तरी त्याची हरकत नाही.

शनिवारची दुपार. चर्चच्या तळघरात तळलेल्या माशाचा घमघमाट. खुर्च्या अपुऱ्या, माणसं भिंतींना टेकून उभी. मधल्या टेबलावर रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर, दोन करड्या पेट्या, आणि टेबलामागे जांभळ्या सुटातला प्रोफेसर थर्लो गेन्स. कशाचा प्रोफेसर, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मंडळी, सुईतून निघणारा आवाज मुंगीच्या पावलाएवढा! त्याला मोठा करते ही फोनो प्रीअँपची पेटी. पण कारखान्यातली पेटी काय करते? आवाज देते आणि आत्मा गिळते! म्हणून पेटीच्या आत बसवायचे माझे हे छोटे भाग, कपॅसिटर. तेलात मुरलेले, स्तोत्रं ऐकून वाढलेले! ऐका, ही चर्चची साधी पेटी... आणि ही डीकन इझेलची, माझे भाग घातलेली. ऐकू आला का फरक?"

"आला!" तळघर गरजलं. सगळ्यांत आधी इझेल.

यात नवल काहीच नाही. या चर्चमध्ये प्रवचन बोलत नाहीत, गातात. पास्टर सुरात हाक देतो आणि बाकांवरून होकार उठतो. गप्प बसणारा एक तर आजारी, नाहीतर पाहुणा. इझेलचा जन्म पुढच्या बाकावर पहिला होकार देण्यात गेलेला. हाक आली की तोंड आधी उघडायचं, कान मागाहून पोचायचे.

आणि रेकॉर्ड तरी कुठली! याच चर्चमधलं एक जुनं गायलेलं प्रवचन. थोड्याच प्रती निघाल्या होत्या, बाकीच्या पुराच्या पाण्यात गेल्या. उरली ती ही एकच. शेवटी पास्टरचा सूर टिपेला जातो तेव्हा मागच्या बाकांवरून एक बाई म्हणते, "हो, प्रभू!" ती इझेलची आई, आयडेला. तिच्या आवाजाची दुसरी खूण जगात उरलेली नव्हती. आणि तो होकार इतका पुसट की, इझेलला तो कधी ऐकू येई, कधी नुसता आठवे.

म्हणून तर निवृत्त बस मेकॅनिकने म्हातारपणी हाती डाख द्यायची सळई धरली. प्रोफेसरचं किट मागवलं, स्वयंपाकघराच्या टेबलावर पेटी उघडली, जुने भाग उपटले, नवे डकवले. टेबलक्लॉथला भोक पडलं. बायको बर्नेटा म्हणाली, "आवाज सुधारेल न सुधारेल, माझा मात्र चढणार आहे."

आज त्याच पेटीतून आईचा होकार स्पष्ट आला होता. इझेल सगळ्यांदेखत रडला.

"अजून आई पूर्ण आलेली नाही," प्रोफेसर हळूच म्हणाला. "खाचांत धूळ बसलीय. रेकॉर्ड आठवडाभर माझ्या तेलात ठेवा. मग तिचा श्वाससुद्धा ऐकाल. ऐकायचाय का?"

"ऐकायचाय!"

इझेलने रेकॉर्ड पाकिटात घातली आणि हात पुढे केला.

"बाबा, थांब." मुलगी लव्होनिया उठली. ती कानांची डॉक्टर. "देण्याआधी एकदा मला तपासू दे."

"पेटी तपासणार?"

"नाही. तुला."

तिने टेबलापुढे चादर टांगली. "आता कुणी विचारणार नाही, कुणी ओरडणार नाही. मी दवाखान्यात 'ऐकू आलं का' असं कधीच विचारत नाही. विचारलं की सगळे म्हातारे हो म्हणतात. डोळे मिटा. तोच तुकडा दोनदा वाजवीन, प्रत्येक पेटीतून एकदा. जो गोड वाटेल त्याला हात वर."

पहिल्या फेरीत सगळे हात एकाच आवाजाला, इझेलच्या पेटीच्या. "बघा!" प्रोफेसर फुलला.

मग चादरीआडून लव्होनियाने आवाज मोजायचं यंत्र लावलं, अँप्लिफायरची आवाज कमी-जास्त करायची खुंटी किंचित फिरवली आणि दोन्ही पेट्यांचा आवाज अगदी सारखा केला. आता हात कसेही. काही अर्धवट वर, काही शेजाऱ्याची चाहूल घेत.

तिसऱ्या फेरीत दुसऱ्या वेळी असा आवाज आला की, सगळे हात पुन्हा वर गेले. इझेलचे तर दोन्ही. "हो, प्रभू!" आई कानाशी बोलावी तशी बोलली. "हीच! हीच माझी पेटी!" तो ओरडला.

लव्होनियाने चादर ओढली. वाजत होती ती चर्चची साधी पेटी. खुंटी तेवढी थोडी वर होती.

बर्नेटा म्हणाली, "इझेल, हात खाली घे. पंखा लागेल."

लव्होनियाने बापाच्या पेटीचं झाकण उघडलं. "हे तेलवाले कपॅसिटर निव्वळ सजावट. हा बारका रेझिस्टर बघ. आवाज किती पट वाढवायचा ते हा ठरवतो. किटमध्ये तो वेगळ्या मापाचा दिलाय, म्हणून पेटी जरा मोठ्यानं बोलते. आणि आवाज जरासाच मोठा असला की कान 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो."

"तो मीच लावला," इझेल पुटपुटला. "वाटलं, शोभेचा असेल. शोभा माझीच झाली."

"तुमच्या मुलीच्या हातात संशयाची वीज आहे, त्यानंच पेटी बिघडली," प्रोफेसर पेटारा आवरत म्हणाला.

तेवढ्यात मागून चर्चमधलाच हार्लन खाकरला. "माझी रेकॉर्ड यानं तेलात ठेवली होती. तेव्हापासून तिच्यातून मासे तळल्यासारखा आवाज येतो."

"अरे, मग मघाशी 'आला' म्हणून का ओरडलास?" कुणीतरी विचारलं.

"सगळेच ओरडत होते ना!"

इतकं हसू फुटलं की, जांभळा सूट जिना कधी चढला ते कुणाला कळलं नाही. इझेलने मात्र रेकॉर्ड छातीशी घट्ट धरली होती. आई आत्ता तेलात जाणार होती, आणि नेऊन देणारा तिचा स्वतःचा पोरगा!

"बेटा, म्हणजे ती आधीपासून होतीच?"

"होतीच, बाबा. आवाज वाढवायचा आणि गप्प बसायचं, एवढंच राहिलं होतं."

त्याने रेकॉर्ड पुन्हा लावली, साध्या पेटीवर. जन्मात पहिल्यांदा पास्टरची हाक आली आणि इझेलने तोंड उघडलं नाही. मग मागच्या बाकावरून आयडेला बोलली.

मंडळी, गायलेलं प्रवचन ऐकताना माझेही डोळे भरतात. देवाला होकार मीही भरल्या गळ्याने देतो. पण देवाला दिलेला होकार दुकानदाराला देऊ नका. 'ऐकू आलं का' असं कुणी विचारलं, तर आधी चादर टांगा, आवाज सारखे करा, मग हात वर करा. तपासून पाहिल्याने जी श्रद्धा मोडते, ती श्रद्धा नव्हेच, ते किट.

आणि पुढे कधी भरल्या सभेत होकार द्यायला तोंड उघडाल, तेव्हा क्षणभर थांबून आयडेला पेटवेची आठवण ठेवा. मागच्या बाकावर बसून ती एकदाच बोलली, आणि ऐकून बोलली.