सोळा व्हॉल्व्हची किल्ली

"ऐका, पण विश्वास ठेवू नका. ठेवायचा म्हटलं तरी ठेवता येणार नाही!" असं म्हणत अल्गोटनं टेबलावर मूठ आपटली. कॉफीचे कप नाचले.

ट्रोलहेटान गावच्या साब मोटारींच्या क्लबात आज मतदान होतं. उन्हाळ्यातल्या मेळाव्यात जुन्या टर्बो गाड्यांचा परीक्षक कोण, ते ठरायचं होतं. गेल्या वर्षी तो मान सिक्स्टेनला मिळाला होता. त्यानं अल्गोटच्या आठ व्हॉल्व्हच्या साब ९००चं बॉनेट उघडलं, टॉर्च मारून मारून पाहिलं आणि चारचौघांत जाहीर केलं, "संग्रहाला घ्यायची तर सोळा व्हॉल्व्हची घ्या. ही म्हणजे शिटी मारणारा ट्रॅक्टर!"

लोक पोट धरून हसले होते. ते हसू अल्गोटच्या कानात हिवाळाभर घुमत होतं. आज सिक्स्टेनला त्या खुर्चीवरून ओढून खाली पाडायचंच, एवढाच विचार डोक्यात घेऊन तो आला होता. बाहेर गाडी लावताना त्यानं हाताच्या सवयीनं उलटा गिअर टाकला. साब ९०० आठ व्हॉल्व्हची असो की सोळा, तिची किल्ली दोन सीटांच्या मधे, आणि उलटा गिअर पडल्याशिवाय ती सुटायची नाही. किल्ली खिशात सारून तो दातओठ खात आत शिरला.

सिक्स्टेनकडे बोट दाखवत अल्गोट सांगू लागला, "फेब्रुवारीत यानं मला गोठलेल्या तळ्यावर बोलावलं. म्हणाला, तुझी आठ, माझी सोळा, होऊन जाऊ दे!"

"बोलू दे त्याला," वेलदोड्याचा पाव चावत सिक्स्टेन म्हणाला. "गाडी पळत नाही, निदान तोंड तरी पळू दे."

"याची सोळावाली सुटली, ती जागच्या जागी फुगडी घालायला लागली! हा आत बसून आईच्या नावानं टाहो फोडतोय. माझी आठवाली निघाली सावकाश. तिच्या टर्बोला जाग उशिरा येते, कबूल. पण आली, आणि तिनं असा श्वास ओढला म्हणता, की बर्फात भोकं पाडून बसलेल्या मासेमारांच्या टोप्या उडून माझ्या गाडीच्या पुढच्या जाळीला चिकटल्या. भोकांतून मासे वर उसळले. त्यातला एक तर काचेवर बसून पार काठापर्यंत आला माझ्याबरोबर!"

क्लब खदखदून हसला. अध्यक्षीणबाई गुनवर, जन्मभर ९००च चालवत आलेली बाई, डोळे पुसत होती. आणि या खेपेला सगळे सिक्स्टेनकडे बघून हसत होते. अल्गोटच्या काळजात थंडावा उतरला. इथंच थांबला असता तर काम फत्ते होतं. पण अजून त्याचं पोट भरलं नव्हतं.

"मग गेलो याच्यापाशी. हा तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेला, चाकं गरगरताहेत, इंजिन बोंबलतंय. गिअरला याचा हात घट्ट चिकटलेला, सुटेना! मी खिडकीतून हात घातला, किल्ली उपसली आणि टाकली बर्फाच्या भोकात. रडत चालत गेला घरी. अशा माणसाला परीक्षक करता?"

हसू एकदम विरलं. सिक्स्टेनचा पाव तोंडापाशी थांबला आणि त्याच्या ओठांचे कोपरे हळूहळू वर जाऊ लागले.

गुनवरनं कप खाली ठेवला.

"तिसऱ्या गिअरमध्ये किल्ली निघाली? मेल्या अल्गोट, धडधडीत खोटं बोलतोस!"