सुभेदारांचं व्हिएतनाम

अच्युत सुभेदार वीज मंडळातून कार्यपालन यंत्री, म्हणजे कार्यकारी अभियंता, म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतर चार वर्षांनी त्यांच्या पत्नी शरयूताई एका संध्याकाळी म्हणाल्या, "आमच्या शाळेतली शर्मिला व्हिएतनामला जाऊन आली. फोटो दाखवून राहिली होती. आपणही जाऊ या ना."

"जाऊ," अच्युतराव म्हणाले. "पण अभ्यास करून."

अभ्यास चौदा महिने चालला. एक जाडजूड फाइल तयार झाली. तिचे तीन भाग होते: जुनी शहरं, ग्रामीण भाग आणि बेटं. होई आन या जुन्या बंदराच्या गावात कोणत्या गल्लीला सकाळी ऊन येतं, निन्ह बिन्हच्या भातशेतीतून जाणारा रस्ता किती रुंद आहे, हा लाँगच्या खाडीतल्या जवळपास दोन हजार बेटांपैकी कोणती बोटीच्या डाव्या हाताला येतात, सगळं त्यात होतं. जबलपूरच्या कांचघर भागातल्या आपल्या घरात संगणकासमोर बसून अच्युतराव रोज तासभर होई आनच्या रस्त्यांवरून फिरत. रस्त्यांची छायाचित्रं आता जगभरची मिळतात. तिथल्या जुन्या जपानी पुलापलीकडे तिसऱ्या घरासमोर एक पिवळा कुत्रा झोपलेला होता. तो चौदा महिने तिथेच झोपलेला होता.

शरयूताई चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना फाइलमधलं काही विचारायची सोय नव्हती, कारण एक विचारलं की अख्खं प्रकरण ऐकावं लागे. शेवटी सहल ठरली. अनुपम नावाच्या तरुण एजंटाने फेब्रुवारीच्या सहलीत दोघांची नावं घातली, आणि अच्युतरावांनी फाइलला नवीन कव्हर चढवलं.

डिसेंबरमध्ये मराठी मंडळाच्या मासिक कार्यक्रमाला गुडघेदुखीवर बोलायला येणारे डॉक्टर स्वतःच आजारी पडले. मंडळाचे सचिव चिंतामणी केकरे यांना कुणीतरी सांगितलं की सुभेदारांकडे व्हिएतनामची मोठी माहिती आहे. केकऱ्यांनी फोन केला, अच्युतराव हो म्हणाले. तोवर कुणाचाच काही दोष नव्हता.

दोष घडला तो प्रास्ताविकात. "नुकतेच व्हिएतनाम पाहून आलेले आपले अच्युतराव," असं केकरे माइकवर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. अच्युतराव दुरुस्ती करायला उठले, तर माइक शिट्टी वाजवू लागला. तो ठीक करायला पाच मिनिटं गेली. तेवढ्या वेळात समोरच्या साठ माणसांचे उत्सुक चेहरे त्यांनी पाहिले. नोकरीत असताना वीज का गेली हे विचारायला आलेले चेहरे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. असे चेहरे पहिल्यांदाच दिसत होते.

ते बोलले, आणि फार छान बोलले. सगळं वर्तमानकाळात बोलले. "आपण पुलावरून डावीकडे वळतो. इथे भिंती पिवळ्या आहेत." कुणी विचारलं, किती दिवस होतात? "कार्यक्रम अकरा दिवसांचा असतो," ते म्हणाले. शाकाहारी माणसाची पंचाईत होते का? "आन चाय असं म्हणायचं. म्हणजे शाकाहारी." एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त शेवटी, सभागृह अगदी ताब्यात आलेलं असताना, कुत्र्याचा विषय निघाला आणि त्यांची जीभ घसरली. "इतका आळशी कुत्रा," ते म्हणाले, "की मलाच वळसा घालून जावं लागलं."

लोक खूप हसले. कार्यक्रम संपल्यावर सगळे त्या कुत्र्याबद्दलच बोलत होते.

तिसऱ्या रांगेत शरयूताईंच्या शेजारी कलावती मेश्राम बसली होती. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली ही परिचारिका सुभेदारांच्या समोरच राहायची. तिने मान वळवली. "अन् तू नाही गेलीस?"

"नाही," शरयूताई म्हणाल्या.

"काहून?"

"मला कुणी नेलंच नाही."

हेही वाक्य खोटं नव्हतं.

घरी आल्यावर शरयूताईंनी चहा ठेवला. "खरं सांगायला काय झालं होतं?"

"मी एक शब्द खोटं बोललो नाही."

"तेच म्हणते. इतक्या कष्टाने खरं कशाला बोललात?" मग चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "आणि कुत्रा?"

अच्युतरावांनी कप उचलला आणि वर्तमानपत्र उघडलं.

पुढचे पंधरा दिवस त्यांना फार मान मिळाला. बूट कुठले घ्यावेत, डॉलर कुठे बदलावेत, समुद्रावर उलटी होते का, असे फोन येत. ते सगळ्यांना नीट उत्तरं देत. पण मानाबरोबर आणखी काहीतरी येऊ लागलं. सराफ्यात मंगळसूत्राची तार जोडून घ्यायला गेले, तर तिथे केकऱ्यांची बायको प्रणोती भेटली आणि सगळ्या दुकानासमोर म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? वहिनींना मागे ठेवून तुमचा पाय कसा हो निघाला?" सोनाराने भिंगातून वर पाहिलं. वाण्याच्या दुकानात, बँकेत, नर्मदेच्या ग्वारीघाटावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत, सगळीकडे हीच नजर. चाळीस वर्षांच्या संसारानंतर जबलपुरात अच्युतरावांची ओळख बायकोला घरी ठेवून एकटा विदेश पाहून आलेला माणूस अशी झाली.

मग बायकांनी ठरवलं. कलावती पुढाकार घेणारी होतीच. प्रणोती धरून सहा जणी तयार झाल्या, फक्त बायकांची सहल, आणि त्यात शरयूला न्यायचंच. त्या सगळ्या अनुपमच्या ऑफिसात गेल्या. अनुपमने अच्युतरावांना फोन लावला. तो घरी मराठी बोलायचा, धंद्यात नाही.

"अंकल जी, आप दोनों की फरवरी वाली बुकिंग है ना, उसी बैच में इन मॅडम लोगों को डाल रहा हूँ। पर एक सीट कम पड़ रही है।" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "काका, यांना वाटतंय तुम्ही जाऊन आलात. मी काही बोललो नाही. कस्टमरची प्रायव्हसी."

पलीकडून कलावतीचा आवाज आला, "अरे, भाऊ तर एकदा पाहून आले! त्यांची सीट मला दे. पुन्हा तेच पाहून का करतील?"

"नंतर सांगतो," म्हणून अच्युतरावांनी फोन ठेवला. त्या रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. सकाळी त्यांनी निश्चय केला.

संक्रांतीचा तिळगूळ समारंभ मंडळातच होता. सगळे जमल्यावर अच्युतराव उभे राहिले. माइक नव्हता, त्यामुळे शिट्टीची सबबही नव्हती.

"मला एक खुलासा करायचाय. मी व्हिएतनामला गेलेलो नाही. कधीच नाही. जे बोललो ते वाचून आणि संगणकावर पाहून."

मग मागून कुणीतरी हसलं, आणि सगळेच हसले.

केकरे पुढे आले. त्यांनी अच्युतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "अच्युतराव, समजतं आम्हाला. वहिनींबरोबर जावंसं वाटून राहिलं तुम्हाला. अहो, मग सरळ सांगा ना! त्यासाठी गेलोच नाही म्हणायची काय गरज?"

"खरंच गेलो नाही."

"अच्छा? अन् तो कुत्रा?" कलावतीने विचारलं.

"संगणकावर पाहिला."

"संगणकावर वळसा घालून गेले का तुम्ही?"

आता हसून हसून लोकांच्या हातातले तिळाचे लाडू फुटायला आले. अच्युतरावांचा चेहरा लाल झाला. शेवटी त्यांनी शरयूताईंकडे पाहिलं. कलावतीनेही तिकडेच पाहिलं. "चल, तूच सांग गं. गेले होते का नाही?"

शरयूताईंच्या हातात हलव्याची वाटी होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पोलीस चौकशीतल्या साक्षीदारासारखे ते उभे होते, आणि एक वाक्य पुरलं असतं.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "मला कुठे कुणी नेलं होतं." आणि त्यांनी वाटी प्रणोतीपुढे धरली.

घरी चपला काढता काढता अच्युतराव म्हणाले, "का नाही सांगितलंस?"

शरयूताई खुर्चीवर बसल्या. त्यांचा आवाज शाळेतला होता, शांत. "चौदा महिने मी तुमच्याबरोबर जातेच आहे. सकाळी चहाला होई आन, जेवताना बेटं. मी काही विचारायच्या आधी तुमचं उत्तर तयार असतं. तिथे गेल्यावरही तुम्ही पुढे आणि मी मागे, आणि तुम्ही मला सांगणार की मी आता काय पाहून राहिले. एकदा मला फाइलशिवाय जाऊ द्या."

"आणि मी?"

"तुमचं तर पाहून झालंय," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. अच्युतरावांना आलं नाही. त्यांना लागलं होतं. दोन दिवस ते गच्चीवर बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी अनुपमला फोन करून सांगितलं, माझ्या जागी कलावती मेश्राम.

निघायच्या दिवशी डुमना विमानतळावर सगळ्या घोळक्यासमोर त्यांनी फाइल पुढे केली. शरयूताईंनी ती उघडली, त्यातलं खाण्याच्या शब्दांचं एकच पान काढून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. "हे लागेल," त्या म्हणाल्या. बाकीची फाइल परत दिली. कलावती म्हणाली, "काळजी करू नका भाऊ, तुम्ही पाहिलं तेवढं सगळं दाखवते हिला."

अकरा दिवस अच्युतराव सवयीने संगणकासमोर बसत, पण फिरत नसत. फोन येत, छोटे. बरं आहे. जेवलो. पाऊस आहे. हवामान तर त्यांनी तपासलंच होतं. फेब्रुवारीत हा लाँगला धुकं असतं, हे फाइलमध्ये तिसऱ्या भागात लाल शाईने लिहिलं होतं. भाषणात मात्र त्यांनी ते सांगितलं नव्हतं. भाषणात लख्ख ऊन होतं.

बायका परत आल्यावर मंडळात पुन्हा कार्यक्रम झाला. प्रत्येकीने दोन-दोन मिनिटं अनुभव सांगितला. लोकांना फारसं रंगलं नाही. होई आनमध्ये गर्दी, बेटांवर धुकं, एकही बेट धड दिसलं नाही. प्रणोतीने तर तक्रारीच्या सुरात समारोप केला. "अच्युतराव गेले होते तेव्हा चांगलं होतं हो. आता पूर्वीचं व्हिएतनाम राहिलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. अच्युतरावांनी मान खाली घातली. शरयूताईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला छान वाटलं," आणि खाली बसल्या.

घरी आल्यावर त्या बाह्या दुमडून भांडी घासायला उभ्या राहिल्या. उजव्या कोपरावर मोठी खपली दिसत होती.

"हे काय?"

"सायकलवरून पडले. निन्ह बिन्हला. भाताच्या शेतात."

"तू सायकल चालवलीस? चाळीस वर्षांत..."

"म्हणून तर पडले. कमरेपर्यंत चिखल. बाकीच्या पुढे निघून गेलेल्या. मी एकटीच चिखलात उभी, अन् समोर एक म्हातारी बाई मला पाहून राहिली."

अच्युतरावांच्या ओठांवर आलं की तो रस्ता बंधाऱ्यावरून जातो, कडा निसरड्या असतात, पाचव्या पानावर लिहिलं होतं. त्यांनी ते गिळलं. "फोनवर का नाही बोललीस?"

"तुम्ही इथूनच दवाखाना शोधून दिला असता."

औषधांचा डबा आणून अच्युतरावांनी शरयूताईंचा हात पुसला, कापसावर मलम घेतलं आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मग?" ते म्हणाले. "त्या बाईने काय केलं?"

"आधी हसली पोट धरून," शरयूताई म्हणाल्या. "अन् मग तिने पायातले जोडे काढले अन् माझ्याजवळ चिखलात उतरली."