एका पाइपावरची दोन घरं

अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांना जिने नकोसे होतात. मला तर हल्ली माणसंही नकोशी होतात. पण एडना सग्डेनचं नळकाम टाळवेना. तिचा नवरा हार्टली अर्धांगवायूनं चार महिने इस्पितळात होता, आणि वरच्या मजल्यावर गरम पाण्याचा शॉवर असेल तरच त्याला घरी सोडणार होते. नाहीतर कायमचा वृद्धाश्रम.

सोमवारी मी बादली आणि घड्याळ घेऊन पाणी मोजलं. मिनिटाला बारा लिटर. नव्या गॅस गीझरला तेवढं पुरे. त्या हिशेबानं वरपर्यंत पाइप टाकला आणि गुरुवारी संध्याकाळी शॉवर सोडला. तीन मिनिटं झकास चालला. मग धार करंगळीएवढी झाली आणि गीझर विझला.

"गार पडलं की रे पोरा," एडना म्हणाली.

भिंतीपलीकडे शेजारी ट्रेव्हर ऑग्डेन भांडी घासत होता. ते ऐकलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कीथली गावातल्या आमच्या या जुन्या दगडी घरांना रस्त्यावरून दोघांत मिळून एकच शिशाचा पाइप येतो, तोही अर्ध्या इंचाचा. मी अशाच घरात जन्मलो. तरी सोमवारी सकाळी, शेजारी कामावर असताना, पाणी मोजून मोकळा झालो. थकलो होतो, दुसरं कारण नाही.

"तुम्हाला वेगळा, जाड पाइप हवा," मी म्हटलं. "परवानगी, खोदकाम... तीन आठवडे तरी."

"हार्टली उद्या येतोय!"

"मग आंघोळीपुरता नळ बंद ठेवायला सांगा ट्रेव्हरला."

"त्या मेल्याला? माझ्या धुतलेल्या चादरी गल्लीतल्या दोरीसकट व्हॅनखाली फरफटवल्या त्यानं. अकरा वर्षं तोंड बघितलं नाही मी त्याचं."

"पूर्वी काय करायचात?"

"त्याची आई होती तेव्हा भिंत ठोकायचो. आंघोळीआधी तीनदा. तिनं उलट दोनदा ठोकलं की समजायचं, नळ बंद."

"मग ठोका की."

"मरेन, पण ठोकणार नाही."

शुक्रवारी इस्पितळाची बाई शॉवर तपासायला हार्टलीला घेऊन आली. त्याला शॉवरखालच्या खुर्चीत बसवलं, पाणी सोडलं. पलीकडे नळ चालूच होता. गीझर विझला. हार्टली कुडकुडायला लागला. बाईनं पेन काढलं.

एडनानं पायातली सपात काढली आणि भिंतीवर तीनदा हाणली.

काही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रेव्हरला कुठलं आठवतंय, म्हटलं.

मग पलीकडून टक, टक. धार भरली, गीझर पेटला, आरशावर वाफ धरली. बाईनं पेन खिशात ठेवलं.

तीन आठवड्यांनी मी रस्त्यापासून चर खणायला घेतला. कंबर पहिल्या तासातच बोलायला लागली. नवा पाइप इंचभर जाड, फक्त सग्डेनांचा. काम संपल्यावर एडनाला सांगितलं, "आता पलीकडे काहीही चालू असू दे, तुमचं पाणी कमी व्हायचं नाही. ठोकायची गरज नाही."

"बरं," ती म्हणाली. हार्टलीला खुर्चीत बसवलं, सपात काढली आणि तीनदा ठोकली. मग भिंतीला कान लावून उभी राहिली.

पलीकडून दोनदा उत्तर आलं. आणि चर तर ट्रेव्हरनंच माझ्याबरोबर खणला होता.